किल्लीवर मालकाचीही मर्जी नको

गेल्या महिन्यात दादरला एका मित्राच्या घरी आम्ही सात-आठ जण जमलो होतो. सगळे सर्व्हर सांभाळून पोट भरणारे. पोहे संपून चहा यायच्या आत नेहमीचा वाद पेटला: लिनक्समध्ये कोणत्या प्रोग्रामने काय करायचं यावर पहारा ठेवणारं एसईलिनक्स चालू ठेवावं की बंद करावं? हा वाद मी पंधरा वर्षं ऐकतो आहे आणि तो कायम एकाच पद्धतीने होतो. एक बाजू म्हणते, ‘बंद करा आणि काम होऊ द्या.’ दुसरी म्हणते, ‘बंद करणाऱ्याला कामावर ठेवूच नका.’ पहिल्या बाजूकडे अनुभव असतो आणि दुसऱ्या बाजूकडे तुच्छता. त्या दिवशी विषय निघाला होता फक्त एका प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा), एन्क्रिप्शनच्या खाजगी किल्ल्या सांभाळणाऱ्या जीपीजी-एजंटचा. पण पाच मिनिटांत तो बाजूला पडला आणि अख्ख्या मशीनवर चर्चा सुरू झाली. वॉचमनच्या हातात तिजोरीची किल्ली असावी का, असं विचारावं आणि सोसायटीत वॉचमन हवाच कशाला यावर भांडण व्हावं, तसं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बाकी मशीनचं तुम्ही काय कराल ते करा. पण किल्ली सांभाळणाऱ्या प्रोसेसवर सक्तीचं बंधन हवंच, म्हणजे मशीनच्या मालकालाही घाईघाईत सैल करता येणार नाही असं बंधन. त्याचं मुख्य कारण बाहेरचा चोर नाही. मुख्य कारण मालकच आहे. तो सज्जन असतो, हुशार असतो आणि रात्री दीड वाजता त्याला झोप आलेली असते.

आधी हा एजंट करतो काय ते पाहू. जुन्या काळी जीपीजी हा एन्क्रिप्शन आणि डिजिटल सही करणारा प्रोग्राम स्वतःच किल्लीची फाइल उघडून सही करायचा. २०१४ साली आलेल्या २.१ आवृत्तीपासून ते बंद झालं. आता खाजगी किल्लीला हात लावायचा तो फक्त एजंटने. तो डीमन म्हणून पडद्यामागे बसतो. बाकीचे प्रोग्राम सॉकेटवरून, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या वाटेवरून, त्याला सांगतात, ‘एवढ्यावर सही करून दे.’ सही बाहेर येते, किल्ली आतच राहते. किल्ली उघडणारा पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) तो स्वतः विचारत नाही, पिनएंट्री नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडून मागवतो. एकदा मिळालेला पासफ्रेज मुळातल्या सेटिंगनुसार तो दहा मिनिटं लक्षात ठेवतो. दर वापराला ती दहा मिनिटं नव्याने मोजली जातात, पण काही झालं तरी दोन तासांच्या वर नाही. गुपितं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या जागेत, जाऊ नयेत म्हणून मेमरीचा तेवढा तुकडा तो कुलूपबंद करतो. थोडक्यात, ज्याने हा एजंट लिहिला त्याने विचार करून लिहिला.

मग अडतं कुठे? युनिक्सच्या जुन्या परवानगीव्यवस्थेत. किल्ल्यांच्या फोल्डरला ‘फक्त मालक’ अशी परवानगी असते आणि आपण निर्धास्त होतो. पण ही परवानगी विचारते एवढंच की माणूस कोण. कोणाच्या हाताने, हे ती विचारत नाही. माझ्या नावाने चालणारा ब्राउझर मीच, माझ्या नावाने चालणारा पीडीएफ वाचक मीच आणि कुणा अनोळखी माणसाने लिहिलेली, मी न वाचता उतरवून घेतलेली जावास्क्रिप्टची लायब्ररीसुद्धा मीच. २०१८ मध्ये जावास्क्रिप्ट लायब्ररींच्या एनपीएम या भांडारातल्या इव्हेंट-स्ट्रीम या साध्यासुध्या पॅकेजमध्ये असाच एक परका घुसला आणि कोपे या बिटकॉइन वॉलेटच्या खाजगी किल्ल्यांवर टपून बसला. त्याने कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं. तो मालकाच्याच नावाने घरात होता.

या जुन्या पद्धतीला शास्त्रात मर्जीवरचं नियंत्रण म्हणतात. मालकाची मर्जी, तो देईल त्याला परवानगी. मुंबईत या मर्जीचं प्रदर्शन पाहायचं असेल तर कुठल्याही चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात जा. खणात रबरबँड लावलेले डिजिटल सहीचे यूएसबी टोकन असतात, प्रत्येकावर कंपनीचं नाव आणि पिन लिहिलेली चिठ्ठी. मी स्वतः असा खण पाहिला आहे, चाळीसच्या आसपास टोकन होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचं कलम ४२ सांगतं की खाजगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी सही करणाऱ्याने घ्यायची आहे. टोकनमधली चिप इतकी पक्की की किल्ली तिच्यातून बाहेर निघत नाही. एवढा कायदा, एवढी चिप, आणि शेवटी सगळं आर्टिकलशिप करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाच्या खणात! तो मुलगा चोर नाही. डायरेक्टरसाहेबही मूर्ख नाहीत, त्यांना रिटर्नच्या शेवटच्या तारखेला फोन उचलायचा कंटाळा आहे, इतकंच. जिथे मर्जी आहे तिथे सोय जिंकते.

सक्तीच्या नियंत्रणात ही मर्जी काढून घेतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८३ मध्ये काढलेल्या ‘ऑरेंज बुक’ या निकषग्रंथात वरच्या दर्जासाठी ती अटच होती. एसईलिनक्स हे तिचं आज सर्वांत जास्त चालणारं रूप. ते २००० च्या अखेरीस अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने मुक्त परवान्याखाली खुलं केलं आणि २००३ मध्ये लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आलं. एनएसएचं नाव ऐकून भुवया उंचावणाऱ्यांना एवढंच सांगतो की तो कोड गेली वीस वर्षं कर्नलमध्ये उघड्यावर आहे, त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध असलेल्या हजार डोळ्यांखाली.

त्याचं काम असं चालतं. प्रत्येक प्रोसेसला एक लेबल आणि प्रत्येक फाइललाही एक. कोणत्या लेबलच्या प्रोसेसने कोणत्या लेबलच्या फाइलला काय करायचं, हे पॉलिसीत आधीच लिहून ठेवायचं. पॉलिसी म्हटल्यावर आपल्याला एलआयसी आठवते, तीही उपमा अगदीच वाईट नाही. जे लिहिलं नाही ते नाही. एजंटला स्वतःचं डोमेन (म्हणजे प्रोसेसचं लेबल), किल्ल्यांच्या फोल्डरला ‘जीपीजी सीक्रेट’ असं लेबल, पिनएंट्रीला तिचं वेगळं डोमेन. वेबसर्व्हर आपल्या डोमेनमध्ये रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून चालत असला तरी ते लेबल असलेली फाइल त्याला उघडता येत नाही. एजंटच्या सॉकेटवर कोणी बोलायचं आणि त्याच्या मेमरीत डीबगर कोणी घालायचा, हेही पॉलिसीच ठरवते. प्रश्न ‘माणूस कोण’ वरून ‘कोणत्या भूमिकेत’ वर येतो.

इथे मला रायगडावरची हिरकणी आठवते. ही दंतकथाच आहे, पण आपल्यातल्या प्रत्येकाने चौथीत ऐकलेली. गडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले. दूध विकायला आलेल्या हिरकणीचं तान्हं बाळ खाली घरी. तिने गयावया केली, पहारेकऱ्याने दार उघडलं नाही. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि ती उतरली तिथे बुरूज बांधला. आपण ही गोष्ट आईच्या मायेची म्हणून सांगतो. मला त्यात पहारेकरीही दिसतो. समोरची बाई खरी आहे, अडचण खरी आहे, हे त्याला कळत होतं, तरी त्याला दार उघडता येत नव्हतं. कारण आज हिरकणीसाठी उघडलं, तर उद्या हिरकणीसारखं रडणाऱ्या हेरासाठीही उघडावं लागेल. ओळखून, दया येऊन, घाईत दार उघडण्याचा अधिकार त्याच्याकडे ठेवलेलाच नव्हता.

पण गोष्ट इथे सोडली तर मी लबाडी करीन. कारण माझ्या विरोधकांची बाजू म्हणजे हिरकणीच आहे. नियम लिहिणाऱ्याने गडावर रोज गवळणी येतात आणि कधीतरी त्यांना उशीर होणार, हा विचारच केला नव्हता. वाईट पॉलिसी असते ती अशी. ती धोका ओळखते, पण रोजचं काम ओळखत नाही. मग कामाची माणसं कडा उतरतात. सर्व्हरच्या जगात कडा उतरणं म्हणजे ‘सेटएन्फोर्स शून्य’ ही आज्ञा. ती दिली की सगळ्या मशीनवरचं बंधन नुसतं नोंद करण्यापुरतं उरतं. साल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनी १९७५ च्या प्रसिद्ध शोधनिबंधात सुरक्षित रचनेची आठ तत्त्वं सांगितली. त्यातलं एक असं की संरक्षण वापरणाऱ्याच्या मनाला पटणारं, हाताला सोपं असलं पाहिजे, नाहीतर तो ते नीट वापरणारच नाही. एसईलिनक्सच्या भक्तांनी बाकीची सात पाठ केली आणि हे आठवं विसरले. मला हा आरोप मान्य आहे, कारण मी कडा उतरलेला माणूस आहे.

अंधेरीतल्या एका कंपनीत होतो. तिथे एक सर्व्हर होता, त्याचं काम एकच, ग्राहकांना जाणाऱ्या सॉफ्टवेअर पॅकेजवर सही करणं. शुक्रवारी रात्री डिस्क बदलली. किल्ल्यांचा बॅकअप आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवला आणि मग ‘एमव्ही’ने मूळ जागी हलवला. सही होईना. परवानग्या तपासल्या, मालक तपासला, सगळं बरोबर. पहाटे कोणीतरी, म्हणजे मीच, सेटएन्फोर्स शून्य केलं. सही झाली, रिलीज गेलं, आम्ही बुर्जी-पाव खायला गेलो. कोणीतरी नंतर कॉन्फिग फाइलमध्येही तेच लिहून टाकलं, रीबूटनंतर त्रास नको म्हणून. चौदा महिन्यांनी एका ऑडिटमध्ये ते निघालं. चौदा महिने त्या किल्लीवर बंधन नव्हतं. मूळ दोष काय होता? ‘एमव्ही’ फाइलबरोबर तिचं जुनं लेबलही घेऊन येतो. ‘सीपी’ने कॉपी केली असती तर नव्या जागेचं लेबल लागलं असतं. ‘रिस्टोरकॉन’ ही लेबल पूर्ववत करणारी एक आज्ञा दिली असती तर चार सेकंदांत काम झालं असतं. हे आम्हाला माहीत नव्हतं आणि एररमध्ये लिहिलेलं नव्हतं. तिथे फक्त ‘परवानगी नाही’ असं होतं. खरं कारण ऑडिट लॉगमध्ये, अशा भाषेत की शिलालेख वाचणाऱ्याला बोलवावं.

तेव्हा गुंतागुंतीचा आक्षेप खरा. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? महाराजांनी बुरूज बांधला, दरवाजा रात्रभर उघडा ठेवला नाही. गोष्टीत एक कमतरता मला कायम वाटत आली आहे, ती म्हणजे दिंडी. आपल्या गडांच्या मोठ्या दरवाजात एक छोटी दिंडी असते, एका वेळी एकच माणूस वाकून जाईल एवढी. एसईलिनक्समध्येही दिंड्या आहेत, त्यांना बूलियन म्हणतात, पॉलिसीतले चालू-बंद करता येणारे पर्याय. शिवाय अख्खं मशीन सैल न करता एकाच डोमेनला तात्पुरतं ‘परमिसिव्ह’ करता येतं. आमच्या त्या रात्री तेवढं केलं असतं तरी बाकीचा गड शाबूत राहिला असता. अर्थात दिंड्यांचीही देखभाल लागते. जीपीजी-एजंटच्या पॉलिसीत एक बूलियन आहे, एजंटला आपला पत्ता घरातल्या फाइलमध्ये लिहू देणारं. ज्या पर्यायासाठी ते केलं, तो पर्याय २.१ मध्येच कालबाह्य झाला. तरी दिंडी पॉलिसीत तशीच. प्रोग्राम पुढे गेला, पॉलिसी मागे राहिली. आणि नाकारलेल्या नोंदींतून आपोआप नियम बनवून देणारं ‘ऑडिट-टू-अलाउ’ हे साधन डोळे मिटून वापरणं तर आणखी वाईट. हिरकणी जिथून उतरली तिथे पायऱ्या बांधून द्यायच्या, असा तो प्रकार.

आता सर्वांत धारदार आक्षेप. दादरच्या त्या बैठकीत तो एका मुलीने काढला, आमच्यात वयाने सर्वांत लहान. ती म्हणाली, ‘दादा, चोराला किल्ली हवीच कशाला? एजंट सही करून देतोय ना? त्याच्याशी बोलता आलं की झालं.’ बरोबर आहे. एप्रिल २०१९ मध्ये मॅट्रिक्स या मुक्त संदेशप्रणालीच्या सर्व्हरवर हेच घडलं. हल्लेखोर जेन्किन्स या सॉफ्टवेअर बांधणाऱ्या साधनातल्या भगदाडातून आत आला, डेव्हलपरच्या फॉरवर्ड केलेल्या एसएसएच एजंटवर, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करून देणाऱ्या एजंटवर, स्वार झाला आणि पुढच्या मशीनवर गेला. खाजगी किल्ली न चोरता! पण त्याच घटनेचा दुसरा भाग सांगितला जात नाही. पॅकेजवर सही करायच्या जीपीजी किल्ल्या त्याच उत्पादन सर्व्हरवर ठेवलेल्या होत्या, त्यामुळे त्या रद्द कराव्या लागल्या. एजंटचा गैरवापर हल्लेखोराला बाहेर काढल्यावर थांबला. किल्ली मात्र हल्लेखोराच्या हाताशी होती, तिचं नुकसान जगभरच्या वापरणाऱ्यांना नवी किल्ली घ्यायला लावून निस्तरावं लागलं. एका रात्रीसाठी कोरा चेक सही करून घेणं आणि सहीचा शिक्काच पळवणं, या दोन गोष्टी एक नाहीत. शिवाय एजंटच्या सॉकेटवर कोणत्या डोमेनने बोलायचं हेही पॉलिसीत लिहिता येतं, म्हणजे त्या मुलीचा आक्षेप पॉलिसी नको असं सांगत नाही. पॉलिसी फायलींपाशी थांबू नये, असं सांगतो.

‘मग हार्डवेअर टोकन वापरा, पॉलिसीची कटकट नको’ हा सल्ला मी वर खणातच ठेवून आलो आहे. टोकन किल्ली बाहेर जाऊ देत नाही, पण कोणाच्या सांगण्यावरून सही करायची हे टोकनला कळत नाही. हार्टब्लीडचा दाखलाही दिला जातो. २०१४ चा तो ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतला दोष सर्व्हरच्याच मेमरीतून किल्ल्या बाहेर सांडायचा, तिथे एसईलिनक्स काय करणार होतं? काहीच नाही. ज्या प्रोसेसला किल्ली वाचायचा हक्कच आहे, तिनेच ती बडबडली तर कोणतीही पॉलिसी हतबल. पण म्हणूनच किल्ली जगाशी बोलणाऱ्या प्रोसेसपासून वेगळी काढायची आणि मग त्या वेगळ्या प्रोसेसभोवती भिंत घालायची. वेगळं काढलं पण भिंत नाही, तर शेजारच्या खोलीत ठेवलेली उघडी तिजोरी. कर्नलच फुटला तर सगळंच संपलं, हेही खरं. पण त्या न्यायाने इमारत भूकंपात पडू शकते म्हणून कडी लावायची नाही का?

एका ठिकाणी मात्र मी पूर्ण माघार घेतो. फेडोरासारख्या लिनक्सच्या तयार वितरणांत लॅपटॉपवर बसलेला सामान्य वापरकर्ता साधारणपणे ‘अनकन्फाइन्ड’ म्हणजे मोकळ्या डोमेनमध्ये असतो आणि त्याने सुरू केलेला एजंटही त्याच मोकळेपणात चालतो. म्हणजे पॉलिसी लिहिलेली आहे, मॅन्युअलचं पान आहे, आणि तुमच्या टेबलावर तिचा उपयोग जवळपास शून्य. हे भक्तमंडळी कधी सांगत नाहीत. ‘एसईलिनक्स चालू आहे’ म्हणून निवांत झोपणाऱ्याने एकदा ‘पीएस’ला झेड लावून आपला एजंट कोणत्या लेबलखाली चालतो ते पाहावं. माझा आग्रह लॅपटॉपसाठी नाही. जिथे एका सहीवर हजारो लोक विसंबतात, त्या सर्व्हरसाठी आहे.

आणि ‘आमची माणसं विश्वासाची आहेत’ हे ज्यांना वाटतं, त्यांना फोर्टातल्या ब्रेडी हाउसकडे बोट दाखवावं लागेल. पंजाब नॅशनल बँकेचा तो घोटाळा फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीला आला, आकडा सुरुवातीलाच सुमारे ११,४०० कोटींचा. त्यात कोणी एन्क्रिप्शन तोडलं नव्हतं. हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून जात होते आणि त्यांची नोंद बँकेच्या मूळ प्रणालीत होत नव्हती, कारण दोन प्रणाली एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं, हा नियम कागदावर होता. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना मुदत घालून ती जोडणी करायला लावली, म्हणजे माणसाच्या सचोटीवरचा भाग यंत्राच्या सक्तीवर टाकला. शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांच्यात वाटलेला असे, तो तिघांपैकी कोणावर संशय होता म्हणून नव्हे. साल्ट्झर-श्रोडरने दोन किल्ल्यांच्या बँक लॉकरचा दाखला दिला, तोही याच तत्त्वासाठी.

हे सगळं व्यवहारात जमत नाही म्हणणाऱ्यांनी खिशातला फोन काढावा. अँड्रॉइडने २०१३ मध्ये ४.३ आवृत्तीत एसईलिनक्स आणलं ते नुसतं नोंदी घेणारं. २०१४ च्या ५.० पासून सगळीकडे सक्तीचं केलं. किल्ल्या सांभाळणारा कीस्टोअर डीमन तिथे स्वतःच्या डोमेनमध्ये बसतो. पॉलिसीत ‘नेव्हरअलाउ’ नावाचे नियम आहेत. त्यांच्या विरुद्ध जाणारी परवानगी कोणी लिहिलीच, तर पॉलिसी तयारच होत नाही, बिल्ड तिथेच मोडतं. चर्चगेटच्या फलाटावर क्यूआर स्कॅन करून वडापाव घेणाऱ्याला यातलं एक अक्षर माहीत नाही. त्याला कधी अडलेलंही नाही. का? कारण पॉलिसी आणि प्रोग्राम एकाच घरात, एकाच वेळी लिहिले गेले. सर्व्हरच्या जगात एजंट लिहिणारे वेगळे, पॉलिसी लिहिणारे वेगळे, वितरण बांधणारे तिसरे आणि रात्री दीड वाजता शिव्या घालणारे आम्ही चौथे.

बैठक उठताना सेटएन्फोर्स शून्यवाल्या आमच्या जुन्या दोस्ताने शेवटचा प्रश्न टाकला: ‘सगळं मान्य. पण रात्री दार अडलं की फोन कोणाला करायचा?’ त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला प्रश्न हाच होता. माझ्या सध्याच्या ऑफिसात सही करणाऱ्या सर्व्हरचं बंधन सैल करायला दोन माणसं लागतात आणि त्यातला एक रात्रीही उठवता येतो, एवढी सोय करायला आम्हाला वर्ष लागलं. वरिष्ठांना पॉलिसी एका मीटिंगमध्ये पटली होती. रात्रपाळीचा भत्ता मंजूर व्हायला अकरा महिने गेले.